पुन्हा वाढणाऱ्या कामाबद्दल

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सांभाळून बागकामाची आणि कुंपण छाटायची कामं घ्यायचं तू ठरवलंस, हे ऐकल्यापासून मनात इतकं काही येतंय की फोनवर बोलून पुरणार नाही. म्हणून लिहायला बसले. माझी उभी हयात झाडांमध्ये गेली आणि त्याच कामाकडे तू आपणहून वळतो आहेस, याचा मला फार आनंद आहे. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. आठवड्याचं गणित मात्र तू अजून मांडलेलं दिसत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकलाय.

कुंपण एकदा छाटलं की संपलं असं होत नाही. फांदीच्या शेंड्यात जे संप्रेरक तयार होतं ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट निघते त्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा उडवलास की तो दाब जातो, दोन-तीन डोळे एकदम फुटतात आणि कुंपण दाट होतं. म्हणजे तू जितकं चांगलं छाटशील तितकी फूट जास्त, आणि तितक्याच नेमाने तुला परत जावं लागणार. उशीर झाला तर कोवळी फूट जून होते, कात्रीला जड जाते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं याला पैसे दिले ते वाया गेले.

आता हिशोब कर. आठवड्यात तुझा 1 दिवस मोकळा. त्यात नीट अशी 2 कामं होतील. वाढीच्या दिवसांत एकेका कुंपणाकडे साधारण 6 आठवड्यांनी परत जायचं धरलं, तर 12 घरं झाली. त्यातून पाऊस, आजारपण, घरचं कार्य आणि ज्या रविवारी तुला नुसतं झोपायचं असेल तो रविवार वजा कर. 8 घरं उरतात. वहीत आठच नावं लिही. नवव्याला गोड बोलून नाही म्हण, किंवा नाव लिहून ठेव आणि जागा झाली की कळव. दिलेल्या दिवशी माणूस दारात उभा राहिला, यावरच या धंद्यात नाव होतं. छाटणी थोडी डावी-उजवी झाली तर लोक चालवून घेतात, पण वाट बघायला लावलेली विसरत नाहीत.

एका दिवसात दोनच का, असं तू म्हणशील. प्रत्यक्ष कापण्याला सगळ्यांत कमी वेळ लागतो. आधी दोरी ताणून उंची ठरवायची, खाली ताडपत्री पसरायची, मग छाटायचं, मग वर अडकून बसलेली पानं हाताने झटकायची, झाडून घ्यायचं, सगळा पाला बांधायचा आणि तो कुठेतरी न्यायचा. हा पाला हीच खरी डोकेदुखी. हातभर वाढलेलं कुंपण कापलं की ढीग बघून छाती दडपते. तो कोण नेणार, कुठे टाकणार, की तिथेच खतासाठी खड्डा आहे, हे दर सांगायच्या आधी ठरलं पाहिजे. दर तासावर सांगू नकोस, पूर्ण कामाचा सांग. त्यात जाण्यायेण्याचा वेळ, इंधन, पात्यांची झीज आणि पाल्याची वाहतूक धर. नोकरीचा पगार येतोच आहे म्हणून स्वस्तात करून देऊ नकोस. ज्यांचं पोट याच कामावर आहे त्यांचा दर त्याने पडतो, आणि ती मला आपली माणसं वाटतात.

कुंपण बघितल्याशिवाय शब्द देऊ नकोस. बघायचं म्हणजे रस्त्यावरून नव्हे. हातमोजे घाल आणि दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करून आत डोकं घाल. बाहेरून हिरवंगार दिसणारं कुंपण आत बहुतेक वेळा काटक्यांचं असतं, आणि हिरवा थर कधी कधी वीतभरच असतो. आतल्या जुन्या लाकडापर्यंत कापल्यावर जास्वंद किंवा मेंदी परत फुटेल, मोरपंखी फुटणार नाही. तिचं तपकिरी लाकूड उघडं पडलं की ते भगदाड कायमचं. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की एकदाच खोल मारून टाक, तरी मोरपंखीला हिरव्या थरातच कात्री चालव. आत बघताना जुनी काटेरी तारही सापडते, फांद्यांनी गिळलेली. यंत्राचं पातं तिच्यावर गेलं तर दात तुटतात. गांधीलमाश्यांचं पोळं असतं. बुलबुलाचं घरटं असतं, वाटीएवढं, आणि त्यात अंडी किंवा पिल्लं असली तर तेवढा भाग पिल्लं उडून जाईपर्यंत सोडून द्यायचा. यावर मी आयुष्यात कधी तडजोड केली नाही, तूही करू नकोस.

आकार देताना बुडाशी रुंद आणि वर निमुळतं ठेव. वरचा भाग पसरला तर खाली ऊन पोचत नाही, खालची पानं गळतात आणि कुंपण पायाशी उघडं पडतं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नकोस. भर उन्हाळ्याच्या दुपारी खोल छाटणी टाळ, कारण सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उन्हात आली की करपतात. पात्यांना धार हवीच. बोथट पातं पान कापत नाही, फाडतं, आणि दोन दिवसांत अख्ख्या कुंपणाच्या कडा तपकिरी दिसतात. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना सिकेटर (फांद्या कापायची छोटी हातकात्री) आणि कात्री स्पिरिटने पुसून घे, नाहीतर रोग तूच वाहून नेशील.

आता नीट ऐक. शेराचं कुंपण असेल तर चष्मा लावल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. गेलाच, तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. कण्हेर सगळीच विषारी. तिचा पाला जनावरांपुढे टाकायचा नाही आणि जाळायचाही नाही, धूरसुद्धा बाधतो. यंत्राच्या आवाजासाठी कानांवर बंदोबस्त हवा. 85 डेसिबलच्या वर रोज तासन् तास काम केलं की कान जातात, आणि पेट्रोलचं यंत्र त्याच्या वर सहज जातं. विजेचं घेतलंस तर वायर खांद्यावरून मागे सोड, म्हणजे पात्याखाली येणार नाही. शिडीवरून हात लांबवून यंत्र चालवायचं नाही. उतर, शिडी सरकव, परत चढ. वेळ जातो, जाऊ दे.

सुरुवातीला फार खरेदी नको. एक चांगली मोठी कात्री, सिकेटर, ताडपत्री, खराटा, चष्मा, हातमोजे. यंत्र पहिल्या काही महिन्यांच्या कमाईतून घे, कर्ज काढून नको. या पैशांचं खातं पगाराच्या खात्यापासून वेगळं ठेव, कर भरताना सोपं जातं. कुणाची काच फुटली, गाडीवर ओरखडा आला, तर त्यासाठी विम्याची चौकशी आधीच कर. आणि दोन घरांच्या मधलं कुंपण असेल तर दोघांशीही बोलल्याशिवाय कात्री बाहेर काढू नकोस. एकाची परवानगी पुरत नाही, भांडण तुझ्या गळ्यात येतं.

सोमवारी कामावर जाताना तुझ्या हातांना मुंग्या येत असतील, बोटं बधिर वाटत असतील, तर आदल्या दिवशी यंत्र जास्त चाललं असं समज. पुढच्या वेळी मध्ये मध्ये थांब, थोडं हाताच्या कात्रीने कर. तेवढ्याने उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखव आणि मला सांग. लपवू नकोस.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी करायची आहे. तुझ्या नोकरीच्या करारात दुसरं काम करायला मनाई आहे का, ते वाच. असेल किंवा मोघम लिहिलं असेल तर साहेबांना सरळ विचार आणि परवानगी लेखी घे. ती हातात आली की मला कळव, मग पहिलं कुंपण बघायला मी तुझ्याबरोबर येईन.

तुझी
आई