एक ऑगस्टचा योगायोग आणि गिरणगावाचा धागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती ठिकठिकाणी एकाच टेबलावर दोन तसबिरी ठेवून साजरी होईल आणि ‘एक सूर्य मावळला, त्याच दिवशी दुसरा उगवला’ हे वाक्य कोणी ना कोणी वक्ता म्हणेलच. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचे निधन झाले आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातील वाटेगावात अण्णा भाऊंचा जन्म झाला, हे खरे आहे. परंतु त्यातून नियतीचा संकेत काढणे हा दोघांवरही अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अण्णा भाऊंनी तर उभ्या आयुष्यात दैवाला कधी भीक घातली नाही.

त्या दिवशी घडलेली तिसरी गोष्ट मात्र योगायोगाची नव्हती आणि नेमकी तीच आपण विसरलो आहोत. असहकाराचा आरंभ १ ऑगस्टला करायचा हे गांधीजींनी आधीच जाहीर केले होते. त्याप्रमाणे कैसर-ए-हिंद पदक परत करणारे त्यांचे व्हाइसरॉयना लिहिलेले पत्र याच तारखेचे आहे आणि त्याच दिवशी ते टिळकांच्या अंत्ययात्रेतही होते. पुढे टिळकांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला, एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले आणि ३१ जुलै १९२१ रोजी, म्हणजे पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळला विदेशी कापडाची मोठी होळी पेटली. तारखेचा उपयोग असा करायचा असतो. ती आपल्याला काय सांगते याची वाट न पाहता तिच्याकडून काम करून घ्यायचे असते.

टिळक आणि अण्णा भाऊ यांच्यातला खरा धागा शोधायचाच असेल, तर तो पंचांगात नाही, गिरणगावात आहे. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे टिळकांच्या वाढदिवशी, मुंबईच्या गिरण्यांतील कामगार बाहेर पडले आणि एकेका वर्षासाठी एक याप्रमाणे सहा दिवस त्यांनी संप चालवला. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. हे कामगार कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेले, बहुतेक निरक्षर होते. त्यांच्या पगाराचा किंवा कामाच्या तासांचा त्या संपाशी काडीचाही संबंध नव्हता. हिंदुस्थानातील कामगार आता राजकीय लढ्याच्या पातळीवर आला आहे, अशी नोंद त्याच वर्षी लेनिनने केली. सुमारे पाव शतकानंतर वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेला मुलगा याच गिरणगावात काम शोधत आला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट झाला आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. ज्या वस्तीने टिळकांसाठी गोळ्या झेलल्या, त्याच वस्तीने अण्णा भाऊंना शाहीर केले. हा संबंध तारखेपेक्षा कितीतरी भक्कम असूनही जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत तो माझ्या कानी क्वचितच पडला आहे.

याचा अर्थ दोघांना एकाच माळेत ओवावे असा नाही. शाहू महाराजांच्या घरचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही, या वादात, म्हणजे वेदोक्त प्रकरणात, टिळक महाराजांच्या विरोधात उभे राहिले होते आणि सामाजिक सुधारणा स्वराज्यानंतर पाहू, असा त्यांचा पवित्रा होता. ज्या मांग समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या समाजात जन्मलेल्या आणि शाळेचे जेमतेम तोंड पाहिलेल्या लेखकाला हा पवित्रा परवडणारा नव्हता. १६ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वराज्य मिळून एक दिवस होतो न होतो तोच, ‘ये आझादी झूठी है, देश की जनता भूखी है’ असे म्हणत अण्णा भाऊंचा मोर्चा निघाला, तो या ‘नंतर पाहू’ला दिलेला जबाबच होता. व्यासपीठावरच्या गोडव्यासाठी हा विरोध झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मुलांना तो सांगितला तर टिळकही लहान होत नाहीत.

जाता जाता आणखी एक. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, म्हणून राज्यात हाच दिवस ‘महसूल दिन’ म्हणूनही पाळला जातो आणि त्या निमित्ताने कार्यालयांतही टिळकांच्या तसबिरीला हार पडतो. १८९६ च्या दुष्काळात, पीक बुडाले असेल तर सरकारच्याच फॅमिन कोडप्रमाणे (दुष्काळी नियमांप्रमाणे) साऱ्याची सूट हा तुमचा हक्क आहे, तेव्हा घरदार विकून सारा भरू नका, असे याच टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना बजावले होते. येत्या महसूल दिनी एखाद्या तहसीलदाराने सत्कार आटोपल्यावर हा प्रसंग जमलेल्या शेतकऱ्यांना सांगावा आणि नुकसानभरपाईचे किती अर्ज टेबलावर पडून आहेत, तेही त्याच सभेत वाचून दाखवावे, अशी माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा