मावशींची राणी कलरची साडी

काय भो पंक्या,

पत्रिका मिळाली, ताईचं जमलं, लई बरं वाटलं. पण तुझ्या मेसेजमधली एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून एवढं लांब लिहितोय. तू म्हणतो लग्नाची थीम पेस्टल आहे, सगळं फिकट रंगात, आणि तुझ्या आईने, म्हणजे आपल्या मावशींनी, काढून ठेवलेली हिरव्या काठाची राणी कलरची साडी फोटोत गावठी दिसेल, आणि मी साडीच्या दुकानात आहे तर मीच त्यांना समजवावं. मी नाही समजवणार भो.

गादीवर बसलं की रोज ऐकतो, "हा नको दादा, हा खेड्यातल्या बायांचा कलर." म्हणजे नावं रंगाला नाही, नेसणारीला ठेवलेली असतात. आणि हे जुनंच आहे. गटे नावाचा जर्मन कवी, त्याने १८१० साली रंगांवर ग्रंथ लिहिला, त्यात सरळ म्हटलंय की अडाणी माणसांना आणि लहान पोरांना भडक रंग आवडतात, सुधारलेली माणसं ते टाळतात. पुढे १८५६ ला विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. आधी रोमच्या बादशहांचा जांभळा समुद्रातल्या गोगलगायींपासून काढायचे, केवढा महाग, आणि आता कारखान्यात रंग बनायला लागले तसा झगझगीत कपडा गरिबाच्याही अंगावर आला. मग मोठ्या लोकांनी फिकट रंग जास्तच धरला असणार असं मला वाटतं, जे सगळ्यांकडे आहे त्याने मोठेपणा कसा दाखवणार?

आता काठी गावची आदिवासींची होळी घे. अक्कलकुव्याकडे लांबलांबून कॅमेरेवाले येतात, मोरपिसांचे टोप, अंगावर काढलेले ठिपके, चांदीचे दागिने, सगळ्यांना भारी वाटतं. तिथे झगमगाट म्हणजे संस्कृती आणि आपल्या आईच्या अंगावर आला की गावठी, हे मला पटत नाही, राग येतो खरं सांगू तर.

पेस्टल वाईट नाही हां. २०१७ ला अनुष्का शर्माने लग्नात फिकट गुलाबी लेहंगा घातला, छानच दिसली, आमच्याकडे कितीतरी पोरी तोच फोटो दाखवायच्या. पण ते लग्न इटलीत होतं, डिसेंबरात. तुमचं आहे मे महिन्यात, जळगावात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा, आणि दुपारच्या त्या पांढऱ्याफेक उन्हात फिकट रंग मरून जातो, म्हणून तर जुनी गिऱ्हाईकं साडी दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतात, ट्यूबलाइटखाली कधीच पसंत करत नाहीत. मावशींची नजर तशी आहे. राणीवर हिरवा काठ, पदर भरलेला पण अंग साधं, ही जोडणी सोपी नाही.

वाईट चॉइस मी पण मानतो. टोचणारी नेट, श्वास कोंडणारं अस्तर, पंगतीत मांडी घालून वरणबट्टी खाता येणार नाही असला कपडा, मग तो कितीका महाग असेना. आणि आईला तिच्याच पोरीच्या लग्नात दुसऱ्याच्या पसंतीचं नेसायला लावणं, ते तर सगळ्यात वाईट.

मावशींना सांग ब्लाउज पीस घेऊन रविवार सोडून कधीपण या, हिरव्यात दोन शेड बाजूला काढल्यात, दारात उभं राहून त्याच ठरवतील. आणि फोटोग्राफरला मावशींचे फोटो दुपारी बाहेर काढायला लाव.

तुझा,
बंडू