शेवटची फेरी सुटेल ना?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या खाड्यांवरच्या फेरीबोटी सौरऊर्जेवर चालवाव्यात, पैसा खासगी लोक घालतील, सरकारने फक्त परवानगी द्यावी, असे बोलणे अधूनमधून कानावर येते. त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 साली सुरू झाली ती खासगी पैशातूनच, आणि तिच्यामुळे दापोली-गुहागरकरांचा चिपळूणवरून पडणारा वळसा वाचला. पुढे वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथेही बोटी आल्या. माझे म्हणणे एवढेच की, छतावर किती पॅनेल बसवणार हे नंतर विचारा. दिवसाची शेवटची फेरी सोडण्याची जबाबदारी कोणाची, ते आधी लिहून घ्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या खाडीवर सांजावताना जेट्टीवर आम्ही सहा-सात जण उभे होतो. क्लासहून परतणाऱ्या दोन मुली, एक मोटरसायकलवाला आणि सुकट विकून निघालेली एक म्हातारी; तिने पावसासाठी रिकामी पाटी डोक्यावर उपडी धरली होती. बोट पलीकडच्या धक्क्याला लागलेली समोर दिसत होती, रॅम्प वर उचललेला. फोन केला तर उत्तर आले, "एकपण चारचाकी नाय, डिझेल परवडत नाय." मोटरसायकलवाला गाडी वळवून निघून गेला. मुलींना कोणीतरी ओळखीच्या घरी पोचवले. म्हातारी मात्र जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली, जणू हे तिला नवे नव्हते.

बोटवाल्याचेही अगदीच चूक म्हणवत नाही. बोट पोसतात त्या गाड्या, माणशी तिकिटातून तिचा तेलाचा खर्चही निघत नसेल. मे महिन्यात आणि नाताळात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते, आणि आषाढ-श्रावणात धक्क्यावर कुत्रे फिरकत नाही.

सौर बोट आली की डिझेलची सबब जाईल, पण बॅटरीची येईल. कोकणात आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि नेमकी तेव्हाच लाइनवर झाड पडून गावची लाइट जाते. बॅटरी उतरली की पहिली काट कोणत्या फेरीला बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

केरळात वायकोम ते तवनकडवू या मार्गावर जानेवारी 2017 पासून 'आदित्य' ही 75 आसनांची सौर बोट चालते. तिचे दाखले आपल्याकडे नेहमी दिले जातात, पण ती तिथल्या सरकारी जलवाहतूक खात्याची आहे. शिवाय ती फक्त माणसे नेते. आपल्या बोटींवर भरलेला टेंपो चढतो, कधी लग्नाची बस चढते. एवढे वजन छतावरच्या पॅनेलांवर ओढले जाणार नाही. जेट्टीवर चार्जिंग लागणारच, म्हणजे महावितरणची वीज आली. येऊ दे. पण मग 'सौर' म्हणून सवलत मागणाऱ्याकडे दोन मीटर हवेत, उन्हाचे युनिट किती आणि तारेवरचे किती हे दाखवणारे. आकडे तिकीटखिडकीपाशी खडूने लिहिले तरी चालतील.

2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा नोंदणी, तपासणी, खलाशांची पात्रता, विमा अशा गोष्टींवर भर देतो. बोट बुडू नये, याची ती काळजी झाली. ती वेळेवर सुटावी याची काळजी मेरिटाइम बोर्डाने परवान्यातच घालायला हवी : वर्षभराचे वेळापत्रक, शेवटच्या फेरीपुरती बॅटरी राखून ठेवण्याची अट आणि फेरी चुकली तर दंड. रिकाम्या फेरीचा तोटा सगळा मालकाच्या माथी मारू नये, हेही खरे. हंगामात गाड्यांच्या तिकिटातून थोडी रक्कम बाजूला काढून त्यातून पावसाळ्यातल्या फेऱ्या भागवता येतील.

गुंतवणूकदाराचीही एक रास्त भीती आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. पूल खुला झाला की बोटीत कोण बसेल? तेव्हा बॅटरी आणि चार्जिंगचा धक्का कोणी, काय भावाने घ्यायचा हे करारात पहिल्या दिवशीच असावे. मुंबईत हे पूर्वी झालेले आहे. 1874 ची घोड्यांची ट्राम खासगी कंपनीची होती, 1905 साली ती बेस्ट कंपनीकडे गेली आणि 1947 मध्ये महापालिकेने करारातल्या हक्काने बेस्ट विकत घेतली.

जाता जाता एक मागणी, तिला खर्चही नाही. शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक तिकिटावर छापावी आणि त्या वेळी जेट्टीवर पाटीवाली एकटी उभी असली तरी बोट सुटावी, असे परवान्यात लिहावे.

आपला,
खाडीपलीकडचा एक वाचक, जि. रत्नागिरी