सही माणसाची आहे, मग तपासायला वेळही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसात एआय येण्याबद्दल हल्ली रोज काहीतरी वाचायला मिळतं, कोणाच्या नोकऱ्या जाणार, कोणाचं काम किती पट वाढणार, कोणते कोर्स करा वगैरे. पण एक प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. एआयने केलेलं काम तपासायचं कोणी आणि ते तपासायला त्या माणसाला वेळ कोण देणार?

मी 19 वर्षं ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देणाऱ्या विभागात काम करतेय. मागच्या वर्षी आम्हाला पत्राचा ड्राफ्ट करून देणारं एआय टूल मिळालं. अर्ध्या तासाचं ट्रेनिंग झालं, त्यात प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला लिहून द्यायची सूचना, कसा द्यायचा एवढंच सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात टार्गेट दिवसाला 25 पत्रांवरून 60 वर नेलं. आठ तासांत 60 पत्रं म्हणजे एका पत्राला आठ मिनिटं, ती पण चहा-जेवणाला न उठता, आणि त्या आठ मिनिटांत तक्रार वाचायची, जोडलेले कागद बघायचे, जुनी फाइल काढायची, ड्राफ्ट वाचायचा आणि सही करायची. आधी आम्हाला साधारण 19 मिनिटं मिळायची.

मग जे व्हायचं तेच झालं. एका बाईंना माझ्या सहीने पत्र गेलं की नियमावलीनुसार तक्रार 45 दिवसांच्या आत करणं आवश्यक होतं, त्यामुळे ती मान्य करता येत नाही. असा नियमच आमच्याकडे नाही. त्या बाईंनी अगदी साध्या भाषेत परत लिहिलं की कृपया त्या नियमाची प्रत पाठवा, मी शोधायला गेले आणि नियम कुठेच सापडेना तेव्हा पोटात गोळा आला. मागची पत्रं काढून बघितली तर आणखी चार जणांना हेच कारण देऊन नकार गेला होता. त्यांनी उलट विचारलंच नव्हतं, गप्प बसले होते. पाचही जणांची माफी मागितली, केसेस परत उघडल्या. पण ते चौघं आजही डोक्यातून जात नाहीत.

नंतर समजून घेतलं की असं होतं कसं. हे टूल नियमावली उघडून बघत नाही, निदान आमचं तरी बघत नव्हतं. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कुठला यावा याचा अंदाज बांधत ते वाक्य तयार करतं, आणि नकाराच्या पत्रांमध्ये मुदतीचं वाक्य खूपदा असतं म्हणून इथेही ते चपखल बसलं. भाषा इतकी नेटकी, ऑफिशियल, की चूक वाटतच नाही. एखादा नवीन मुलगा चुकतो तेव्हा त्याचं वाक्य अडखळतं, आपल्याला लगेच शंका येते. इथे ती खूणच मिळत नाही.

साहेब म्हणाले, तुम्ही वाचायला हवं होतं. खरं आहे, सही माझी होती आणि ती चूक मी माझीच मानते, मशीनच्या नावावर ढकलायची नाही. पण आठ मिनिटं कोणी ठरवली हेही विचारायला नको का?

जबाबदारी मशीनवर टाकून चालत नाही हे बाहेरही दिसलंय. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने, म्हणजे वेबसाइटवर आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमने, एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या माणसाच्या मृत्यूमुळे मिळणारी तिकिटाची सवलत प्रवास झाल्यावरही मागता येईल, प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा होता. कंपनीने चक्क असं म्हणणं मांडलं की चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या ट्रिब्युनलने ते फेटाळलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. त्याआधी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखल केले आणि 5000 डॉलर दंड बसला. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यातल्या एकाने हे खटले खरे आहेत का असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने हो सांगितलं. आमच्याकडेही लोक सर्रास म्हणतात, अहो मी त्यालाच विचारून कन्फर्म केलं. ही तपासणी नव्हेच. तपासणी म्हणजे मूळ कागद उघडून बघणं आणि त्याला मिनिटं लागतात.

गुप्त माहिती बाहेर जाण्याचं मूळही मला या वेळेच्या घाईतच दिसतं. सॅमसंगमध्ये 2023 साली इंजिनियर लोकांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरचा गुप्त कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने असली टूल्स वापरायलाच बंदी घातली. आमच्याकडे ऑफिसचं टूल स्लो चाललं की काही जण स्वतःच्या मोबाइलवर फुकटच्या अकाउंटमध्ये ग्राहकाचं सगळं पत्र पेस्ट करायचे, नाव, आजारपण, घरातली भांडणं, सगळं. ही वाईट माणसं नाहीत हो, संध्याकाळी आकडा 60 भरला पाहिजे या धास्तीने करायची. नुसती बंदी घालून काय होणार, फोन टेबलाखाली जाणार.

मी टूलच्या विरोधात अजिबात नाही. चौदा-चौदा पानांच्या तक्रारीत तारखांचा क्रम लावून द्यायला ते फार कामाचं आहे, आणि आमच्यातला एक सहकारी ज्याला पत्र लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा तो आज छान, सौम्य पत्रं पाठवतो. हे मला मनापासून आवडतं.

युरोपियन युनियनने एआयचा कायदा केलाय, ऑगस्ट 2024 मध्ये तो अंमलात आला, त्याचे भाग टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलंय. जास्त जोखमीच्या एआयवर देखरेख करणाऱ्या माणसाकडे पात्रता, ट्रेनिंग आणि अधिकार असला पाहिजे, आणि त्याला लागेल ती मदत मिळाली पाहिजे असं त्यात आहे. मशीनचं ऐकतच जायची माणसाची जी सवय असते तिचाही उल्लेख आहे. अधिकार हा शब्द मला फार पटला, कारण हे पत्र मी पाठवणार नाही असं म्हणायची मुभा नसेल तर माझ्या सहीला अर्थ काय. त्या मदतीत वेळही धरला पाहिजे असं माझं मत आहे.

त्या पाच पत्रांच्या प्रकारानंतर आम्ही चौघींनी एक पद्धत सुरू केली. आधी तक्रार वाचायची, उत्तर काय असावं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच एआयचा ड्राफ्ट उघडायचा. ड्राफ्ट आधी वाचला की डोकं त्याच्याच वाटेने जातं, हा आमचा रोजचा अनुभव. ड्राफ्टमध्ये नियमाचा उल्लेख आला की नियमावलीत तो कलम नंबर दिसेपर्यंत सही नाही. आणि चूक सापडली की एका वहीत लिहून ठेवायची, कोणाची झाली ते न लिहिता, म्हणजे कोणी लपवत नाही. या वहीत पहिल्याच महिन्यात 31 नोंदी झाल्या, सगळ्या पत्र जायच्या आधी सापडलेल्या.

ती वही दाखवल्यावर साहेबांनी टार्गेट 40 वर आणलं, तीन महिन्यांच्या ट्रायलवर. पत्राला 12 मिनिटं. पुढच्या महिन्यात वरच्या मॅनेजमेंटबरोबर मीटिंग आहे, तिथे ते 40 राहणार की परत 60 होणार हे ठरेल. मी वही घेऊन जाणार आहे, आणि त्या पाच पत्रांच्या प्रतीही.

आपली नियमित वाचक