वॉरंटीत ‘घाम’, वॉरंटीनंतर ‘गळती’

दिनांक : १२ जानेवारी २०२६
इंदिरानगर, नाशिक

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
कार उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय

प्रत : व्यवस्थापक, अधिकृत सेवा केंद्र, नाशिक

विषय : पुढचा डावा शॉकअप वॉरंटीत गळत असताना नाकारल्याबद्दल आणि नंतर पैसे घेऊन केलेल्या अर्धवट कामाबद्दल तक्रार.

महोदय,

माझी गाडी २२ ऑगस्ट २०२२ रोजी घेतलेली आहे. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे २२ ऑगस्ट २०२५ ही तारीख महत्त्वाची, आणि या पत्रातलं सगळं भांडण त्या तारखेच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, तिन्ही जॉबकार्डं आणि बिलं सोबत जोडली आहेत, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

आधी माझ्याबद्दल एक वाक्य, कारण ते पुढे कामाला येणार आहे. मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहेत. सिलिंडरचं सील गेलं की तेल कसं दिसतं, कुठून येतं आणि किती दिवसांत खाली ठिबकायला लागतं, हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

जुलैच्या सुरुवातीला, साधारण ३८,४०० किलोमीटरला, पुढच्या डाव्या बाजूने गाडी ‘खाली बसल्यासारखी’ वाटायला लागली. त्र्यंबक रोडचे स्पीडब्रेकर ओलांडले की उजवी बाजू एकदाच दबून सरळ व्हायची. डावी मात्र दोन-तीनदा डुलायची. चाक उजवीकडे वळवून आत टॉर्च मारला, तर शॉकअपची नळी ओली. पावसाळा होता, तेव्हा आधी मीही पाणीच समजलो. बोट लावलं. पाणी बोटाला असं चिकटत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी घरीच खात्री करून घ्यावी म्हणून मी आमच्या कारखान्यातली जुनी युक्ती केली. नळी फडक्याने कोरडी करून पुसली आणि तिच्यावर मुलीच्या डब्यातली टाल्कम पावडर हलक्या हाताने उडवली. पाऊस उघडलेला एक दिवस बघून त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. परतल्यावर बघितलं तर वरच्या सीलपासून थेट खालच्या ब्रॅकेटपर्यंत पावडरमध्ये एक काळपट ओघळ उतरलेला होता, बोटभर रुंद. उजव्या बाजूची पावडर होती तशी पांढरी. दोन्हींचे फोटो तारखेसह सोबत आहेत. (पावडर संपवल्याबद्दल घरात जी बोलणी खावी लागली, त्याची भरपाई मी मागत नाही.)

हे फोटो घेऊन ११ ऑगस्टला सेवा केंद्रात गेलो. ३९,६०० किलोमीटर झाले होते आणि वॉरंटीचे अकरा दिवस शिल्लक होते. सर्व्हिस अॅडव्हायझरने गाडी लिफ्टवर घेतली, खालून बघितलं, आणि म्हणाला, “सर, हा घाम आहे. गळती नाही.”

घाम हा शब्द चुकीचा नाही, हे मला मान्य आहे. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर असतो, दांडा वर-खाली होताना त्यातला थोडा सीलच्या बाहेर येतो, आणि नळीच्या वरच्या भागावर धूळ धरल्यासारखी ओल दिसते. त्याला तुमच्या भाषेत ‘मिस्टिंग’ म्हणतात, आणि त्यासाठी शॉकअप बदलायची गरज नसते. पण घाम वरच्या भागातच थांबतो. ओघळ होऊन खालच्या ब्रॅकेटपर्यंत उतरत नाही, आणि पुसल्यावर साठेक किलोमीटरमध्ये पुन्हा येत नाही. हे मी त्याला सांगितलं. नळी पुसा, गाडी चालवून आणा आणि पुन्हा बघा, एवढंच म्हटलं. गळती ठरवायची रीत तीच आहे. त्याने बोनेटचा कोपरा दोनदा दाबला, “ठीक आहे सर” म्हणाला, आणि जॉबकार्डवर लिहिलं : “पुढील डावा शॉकअप किंचित ऑइल मिस्टिंग. नॉर्मल. निरीक्षणाखाली.”

वर रस्त्यांचं कारण होतंच. “सिंहस्थासाठी सगळं नाशिक खोदलंय सर, शॉकअप तरी काय करणार?” रस्ते खोदलेत हे खरं, द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. डावं चाक कडेच्या खड्ड्यात जास्त जातं हेही खरं. पण खड्ड्याच्या माराने शॉकअप गेला असता तर दांडा वाकला असता, नळीला पोचा आला असता, निदान दांड्याच्या क्रोमवर ओरखडा तरी दिसला असता. यातलं काहीच नव्हतं, आणि जॉबकार्डवरही बाहेरून मार लागल्याची नोंद नाही. नुसतं सील गेलं होतं. आणि गाडी नाशिकमध्ये विकताना नाशिकचे रस्ते कंपनीला माहीत नव्हते असं कसं समजायचं?

‘निरीक्षणाखाली’ या शब्दावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. मला वाटलं, नोंद वॉरंटीच्या काळात झाली आहे, तेव्हा पुढे काही निघालं तर ती ग्राह्य धरतील. त्या दिवशीच लेखी मागून घ्यायला हवं होतं. कारखान्यात मी कुणाचं तोंडी काही ऐकून घेत नाही, आणि इथे मात्र ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर गाडी कसाऱ्याच्या घाटात नेली तेव्हा उतारावर ब्रेक लावला की नाक खाली जायचं आणि डावीकडे झुकायचं. १७ नोव्हेंबरला पुन्हा सेवा केंद्रात. ४२,९०० किलोमीटर. तोच अॅडव्हायझर, तीच लिफ्ट, तीच नळी. या वेळी जॉबकार्डवर लिहिलं : “पुढील डावा शॉकअप गळती. दोन्ही बदलणे आवश्यक.” मी ऑगस्टचं जॉबकार्ड पुढे ठेवलं. उत्तर मिळालं, “तेव्हा घाम होता काका, आता गळती आहे. आणि वॉरंटी संपली आहे.” ऑगस्टमध्ये मी ‘सर’ होतो, नोव्हेंबरमध्ये ‘काका’ झालो, हेही नोंदवून ठेवतो.

अठ्ठ्याण्णव दिवसांत घामाची गळती झाली असेल, असं मी क्षणभर धरूनही चालतो. पण मग तुमच्या हातात पुरावा होता तो बघा. काढलेले दोन्ही शॉकअप मी मागून घेतले. डाव्या नळीवर तेल आणि धुळीचा जो थर बसलाय तो नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात : वर काळा, मधे लालसर चिखल, खाली पुन्हा काळा. लालसर चिखल हा पावसाळ्यातला आहे आणि त्याच्या खालीही तेल आहे. म्हणजे पाऊस चालू होता तेव्हाच, किंवा त्याआधीपासून, तेल उतरत होतं. दुसरं, हे शॉकअप गॅस भरलेले आहेत. सुटा शॉकअप उभा धरून दांडा खाली दाबला आणि सोडला की तो आपणहून हळूहळू वर यायला हवा. उजवा येतो. डावा दाबला की तिथेच बसून राहतो, आणि दाबताना सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही, पोकळ. हे घरातल्या फरशीवर कुणालाही करून बघता येईल. माझ्या आईनेही करून बघितलं.

आता झालेल्या कामाबद्दल. १८ नोव्हेंबरचं बिल करासह १४,४०० रुपयांचं आहे : दोन शॉकअप प्रत्येकी ५,४५०, लेबर २,६००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. दोन्ही बाजू बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला त्रेचाळीस हजार किलोमीटर चाललेला ठेवला तर वळणावर आणि ब्रेकवर गाडी दोन मनांची होते. जोडी बदलणंच बरोबर. तो सल्ला योग्य होता, आणि तो मी मानला.

पण गाडी घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवसापासून उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की डाव्या चाकाच्या वर ‘कट्’ असा आवाज येऊ लागला, आणि त्यापाठोपाठ स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टण्’. एका रविवारी बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि मी वाकून स्प्रिंगच्या वेढ्यावर दोन बोटं ठेवली. स्टिअरिंग फिरतं तशी स्प्रिंग गोल फिरायला हवी. ती फिरत नव्हती. अडकायची, पीळ भरायची आणि मग एकदम झटका देऊन सुटायची. तो झटका बोटांना स्पष्ट लागत होता. शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जोडणारं जे माउंटिंग असतं, त्यातलं बेअरिंग जाम झाल्याचं हे लक्षण. बिल पुन्हा वाचलं. त्यात माउंटिंग नाहीच. जुनंच माउंटिंग नव्या शॉकअपवर चढवून दिलं होतं.

शॉकअप बदलायचा म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबायची, मगच वरचा मधला नट सोडायचा, माउंटिंग उचलायचं, जुना शॉकअप काढून नवा घालायचा आणि तेच माउंटिंग परत बसवायचं. म्हणजे त्या दिवशी बेअरिंग मेकॅनिकच्या हातात सुटं होतं. एकदा अंगठ्याने फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं. मला फोन केला असता तर दोन माउंटिंगचे पैसे मी आनंदाने दिले असते. आता ते बदलायला सगळं तसंच पुन्हा उघडावं लागेल, आणि सेवा केंद्राने १० डिसेंबरला मला जे एस्टिमेट दिलं त्यात माउंटिंगच्या किमतीशिवाय लेबर पुन्हा २,६०० रुपये लावले आहेत. एकाच कामाची मजुरी दोनदा.

अलाइनमेंटचं तर त्याहून वाईट. शॉकअपचा खालचा भाग ज्या दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) धरलेला असतो ते सोडले की चाकाचा कोन हलतो, म्हणून नंतर अलाइनमेंट लागतंच. बिलात ९०० रुपये आहेत, पण मशिनमधून निघणारा आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मला दिला नाही. मागितला तेव्हा “प्रिंटर बंद होता.” गंगापूर रोडवर सरळ जाताना स्टिअरिंग घड्याळात अकरा वाजल्यासारखं तिरकं राहत होतं. शेवटी मुंबई नाक्याजवळच्या एका साध्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. त्याचा प्रिंटर चालू होता. डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाक पुढून आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, हद्दीबाहेर, लाल रंगात छापून आला. तो कागद सोबत आहे. त्याचे ५०० रुपये मी दिले.

पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला की खळगे-उंचवटे लागतात. शॉकअप मेलेला असला की चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि टायर असा झिजतो. पण त्यातला किती भाग ऑगस्टनंतरचा हे मला कागदावर दाखवता येणार नाही, म्हणून टायरचे पैसे मी मागत नाही.

माझं मागणं असं. डाव्या शॉकअपचे ५,४५० रुपये वॉरंटीत धरून परत करावेत, कारण बिघाड वॉरंटीत दाखवला होता आणि तुमच्याच जॉबकार्डवर त्याची नोंद आहे. त्या बाजूची निम्मी मजुरी, १,३०० रुपये, आणि न केलेल्या अलाइनमेंटचे ९०० रुपयेही परत करावेत. एकूण ७,६५० रुपये. उजव्या शॉकअपचे पैसे आणि त्याची मजुरी मी देणं लागतो, ती मागत नाही. बाहेर भरलेले ५०० रुपयेही सोडतो. दोन्ही बाजूंची माउंटिंग नवी बसवून द्यावीत. त्यांची किंमत मी भरेन, मजुरी भरणार नाही. त्यानंतर अलाइनमेंट माझ्यासमोर करावं आणि आकड्यांचा कागद हातात द्यावा. आणि ११ ऑगस्टला नळी पुसून पुन्हा तपासणी का केली नाही, याचं लेखी उत्तर हवं आहे. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा मेसेज मला आतापर्यंत चार वेळा आला आहे, पाचवा पाठवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन, आणि तिथेही काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा आयोगात जाईन. मी राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे, दोन वर्षांची मुदत आहे, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. वकील न लावता मी स्वतः उभा राहीन. पावडरचे फोटो मला समजावून सांगता येतात.

दोन्ही जुने शॉकअप माझ्या घरी कॉटखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत. ते कुरियरने पाठवणार नाही. तुमच्या तांत्रिक विभागातल्या माणसाने यावं, दोन्ही दाबून बघावेत, थर खरवडून बघावा. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी मी घरी असतो.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : जॉबकार्डं (११ ऑगस्ट, १७ नोव्हेंबर, १० डिसेंबर २०२५), १८ नोव्हेंबरचं बिल, माउंटिंगचं एस्टिमेट, अलाइनमेंटचा कागद, नऊ फोटो.