कार्यकर्त्याचा पगार कोणत्या खात्यात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘देणगीचे पैसे पगारातच जातात’ ही सामाजिक संस्थांविषयीची तक्रार नेहमीची आहे. बंधारा बांधला तर सिमेंट दिसते. ग्रामसभा उभी करायची तर माणसावाचून खर्च करण्यासारखे त्यात फारसे काही नसतेच. गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाने मिळून आपले जंगल वापरण्या-राखण्याच्या कायदेशीर हक्काच्या, एका दाव्याला काय लागते ते पाहावे.

2006 चा वनहक्क कायदा आणि 2012 चे सुधारित नियम यांनुसार ग्रामसभेने 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. सभेला गावातले निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात: निस्तार पत्रक (जंगलातून सरपण, चराई वगैरे घेण्याच्या गावाच्या हक्कांची सरकारी नोंद), जुना नकाशा, वयोवृद्धांचा लेखी जबाब, जंगलातले देवस्थान किंवा मसणवटा. पाहणीआधी वनविभागाला लेखी कळवायचे. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही समित्यांना एकत्र बसवायचे, आणि इथेच महिने जातात.

दावा बहुतेकदा अडकतो तो प्रोसिडिंगच्या वहीत, म्हणजे सभेचे ठराव आणि सह्या नोंदवायच्या वहीत. 240 प्रौढांच्या गावात 120 सह्या-अंगठे हवेत, त्यांत किमान 40 महिलांचे. मे महिन्यात अख्खे गाव पहाटेच तेंदूपत्त्याला निघते, पुढे पाऊस लागला की धानाची रोवणी. अशा वेळी दुपारची सभा ठेवली तर 60-70 जण येतात. मग घाईत असलेला कार्यकर्ता उरलेल्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरून घेतो. शाई बदललेली असते, ठरावाला क्रमांक नसतो, महिलांची संख्या लिहायची राहून जाते, आणि ग्रामसभेचा दावा तपासणाऱ्या सरकारी उपविभागीय समितीकडून फाईल परत येते. दावा देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली नसेल तर फाईल पोहोचल्याचाही पुरावा उरत नाही. दावा नाकारला तर कारणे लेखी मागून घ्यावी लागतात. जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस असतात आणि तोंडी नकारावर अपील उभे राहत नाही.

हे सगळे करणारा माणूस गोंडी किंवा माडिया बोलणारा, कायदा वाचलेला आणि रात्रीच्या सभेनंतर मुक्कामाला राहणारा असावा लागतो. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथले गावकऱ्यांचे अभ्यासगट त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून बसत होते. देणगी मात्र एप्रिल ते मार्च अशी बारा महिन्यांची येते. दावा उपविभागीय समितीच्या टेबलावर असतानाच प्रकल्प संपतो, कार्यकर्ता दुसरी नोकरी धरतो आणि कोणत्या गावात काय राहिले हे त्याच्याबरोबरच जाते.

परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक कामासाठी कंपन्यांनी कायद्याने करायचा खर्च) 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तीत धरायचा नसतो, हे नियमातच लिहिले आहे. तरीही हा आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावून क्षेत्रीय कार्यकर्त्याचा पगार छाटला जातो. संस्थांनी ही तरतूद देणगीदारापुढे ठेवून भांडावे, आणि गावात फिरणाऱ्या माणसाचा पगार, पेट्रोल, मुक्काम हे सारे कार्यक्रमाच्या खात्यातच दाखवावे.

‘मानधन’ या शब्दाचाही विचार व्हायला हवा. त्याआड पूर्णवेळ काम करून घेतले जाते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या संस्थेला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही, वीसपेक्षा कमी असतील तर भविष्यनिर्वाह निधीचा. पण संस्था आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर छोट्या संस्थेलाही भविष्यनिर्वाह निधीत स्वेच्छेने सामील होता येते. तिशीत लग्न झाल्यावर, घरी मूल आल्यावर चांगले कार्यकर्ते हे क्षेत्र सोडतात ते तळमळ आटली म्हणून नव्हे, आजारपणाला आणि म्हातारपणाला हाताशी काही नाही म्हणून.

देणगीदारांनी किमान तीन वर्षांची मंजुरी द्यावी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या कार्यकर्त्याने महिनाभर एकत्र गावे फिरावीत, प्रत्येक गावाच्या ठरावांच्या व पोचपावत्यांच्या प्रती ताब्यात द्याव्यात, आणि त्या एका महिन्याचा दुहेरी पगार अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा.

– एक वाचक, धानोरा, जि. गडचिरोली