आजीच्या मांडीवरची मनी

पॅरिस

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही पेन्सिलीने काढलेल्या चित्राचं पाकीट मंगळवारी मिळालं. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवल्यामुळे कागदाला एक घडीसुद्धा पडली नाही. उघडलं आणि सगळ्यात आधी मनीचा डावा कान पाहिला. ती फाटकी कड तुम्ही सोडली नाहीत! आजीचा हात तिच्या पाठीवर आहे, पण भार न देता, मांजर जागं होऊ नये असा. तो हात पाहून डोळे भरून आले.

आजीचा चेहरा आणि मनीचं डोकं तुम्ही बारीक टोकाने जपून काढलंय. लुगडं मात्र दहा-बारा रेघांत संपवलंत. "सगळीकडे सारखं घोटू नका," असं वर्गात मुलांना सांगायचात ना? अगदी हीच रीत आंग्रची. नवअभिजात काळातला हा फ्रेंच चित्रकार पेन्सिलीने व्यक्तिचित्रं काढायचा. चेहरा इतका नाजूक की पेन्सिलीचा फराटा दिसत नाही, आणि खाली कोट, झगा, खुर्ची भराभर ओढलेल्या रेघांत.

लूव्रमधलं त्याचं एक चित्र तुम्हाला दाखवायला हवं होतं. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती कायम भिंतीवर नसतात. वेळ ठरवून अभ्यासकक्षात पाहावी लागतात. हे चित्र 1806 सालचं, ए-फोर कागदाहून थोडंसंच मोठं. रोमला जाऊन शिकण्याचं बक्षीस त्याला 1801 मध्येच मिळालं होतं, पण सरकारी तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून पाच वर्षं थांबावं लागलं. निघण्याआधी त्याने आपल्या वाग्दत्त वधूचं, ज्युली फोरेस्तिएचं, सगळं घर कागदावर उतरवलं. मधोमध पियानोजवळ ज्युली, आजूबाजूला आईवडील आणि मामा. मागे दारात घरची मोलकरीणसुद्धा आहे. तिला वगळलं नाही, म्हणून मला हा माणूस आवडला. पुढच्या वर्षी लग्न मोडलं. ज्युली स्वतः चित्रकार होती. तिने पुढे लग्न केलंच नाही.

नेपोलियन पडल्यावर रोममध्ये आंग्रचे हाल झाले, तेव्हा तिथे येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची अशी चित्रं काढून त्याने पोट भरलं. त्यातलं एक 1816 मधलं, लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि त्याच्या बायकोचं. होय, 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा करणारा तोच बेंटिंक! इतिहासाच्या पुस्तकातला माणूस असा पेन्सिलीत भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि तुमची एचबी पेन्सिलही मूळची इथलीच. युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना, तेव्हा कोंते नावाच्या फ्रेंच संशोधकाने ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून भाजली आणि 1795 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक.

तुमचं चित्र मी आम्लविरहित कागदात गुंडाळून सपाट ठेवलंय. काचेत घालायची घाई करणार नाही, कारण त्यावर तुमची सही नाही, तारीखही नाही. आंग्र बहुतेक वेळा सही करून गाव आणि साल लिहायचा. दिवाळीला येताना चित्र घेऊन येते. सही करा, खाली आजीचं वय लिहा, आणि मनीचं नावही.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
चिऊ